तिसरा प्रयत्न

मुंगी जिंकली त्या संध्याकाळी तिच्या आईने तिच्याशी अबोला धरला.

जिंकून आलेल्या पोरीशी कोणी अबोला धरतं का? घरात कप आलेला, बाबा शेजाऱ्यांना दारातूनच हाका मारून सांगताहेत, आणि ही बाई स्वयंपाकघरात पाठ करून उभी. मुंगीच्या बाबांनी दोनदा विचारलं, "अगं, झालं काय?" तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना एवढं कळलं होतं की बायकोची पाठ बोलत असेल तर तिचं तोंड उघडायला लावू नये.

ही आई म्हणजे आपली ताई. सगळी व्यायामशाळा तिला ताई म्हणायची. दिवसभर ती मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत मुकादम होती. ओल्या चादरींचे गठ्ठे, वाफेचे पाइप, क्लोरिनचा नाकात बसलेला वास, आणि हाताखालच्या बायका सुट्टी मागायला आल्या की कपाळावर चढणाऱ्या आठ्या. संध्याकाळी ती व्यायामशाळेत जाऊन पोरापोरींना वजन उचलायला शिकवायची. जागा होती जुन्या अग्निशमन केंद्राच्या गॅरेजात. बंब जाऊन जमाना झाला होता, पण भिंतीवरचा लाल पट्टा तसाच होता. जिथे बंब उभे राहायचे तिथे आता लाकडी फळ्यांचे चौथरे होते, आणि दिवसभर त्यांच्यावर लोखंड आदळायचं.

मुंगीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं होतं. स्वतःच्या दुप्पट वजन उचलणाऱ्या, मूठभर अंगाच्या मुलीला दुसरं काय म्हणणार?

तर त्या दिवशी झालं ते असं. या खेळात दोन प्रकार. एकात वजन जमिनीवरून एका दमात डोक्यावर न्यायचं, त्याला स्नॅच म्हणतात. दुसऱ्यात आधी खांद्यावर घ्यायचं, उभं राहायचं, दम घ्यायचा आणि मग वर फेकायचं, ते क्लीन अँड जर्क. दोन्हींत तीन-तीन प्रयत्न. दोन्हींतल्या सगळ्यात जड उचलीची बेरीज होते आणि ज्याची बेरीज मोठी तो जिंकतो. बेरीज सारखी झाली तर? तर जिचं अंगाचं वजन कमी ती पहिली. वरच्या मोठमोठ्या स्पर्धांतून हा नियम केव्हाच गेला होता. तिथे आता ज्याने ती बेरीज आधी गाठली तो जिंकतो. पण यांच्या संघटनेत जुनाच नियम चालू होता. आपल्याकडे बदल म्हटलं की आधी समिती बसते, मग चहा येतो आणि मग समिती उठते.

मुंगीने शेवटच्या प्रकारातल्या दुसऱ्या प्रयत्नात समोरच्या मुलीची बेरीज गाठली. समोरचीचे प्रयत्न संपले होते. मुंगी तिच्यापेक्षा थोडीशी हलकी. म्हणजे काम झालं. मुंगीचा एक प्रयत्न अजून शिल्लक होता. ताई तिला म्हणाली, "एक किलो वाढवून घेऊ. जमेल तुला."

मुंगीने मान हलवली. "कशाला? जिंकलेय की." आणि गळ्यात टॉवेल टाकून खुर्चीवर बसली.

एवढंच झालं. पण तो टॉवेल बघून ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. कारण अगदी असाच टॉवेल टाकून, अशाच खुर्चीवर, ती स्वतः बसली होती. मुंगीचा जन्मही झाला नव्हता तेव्हा. राज्याचं अजिंक्यपद होतं ते. तेव्हाही बेरीज सारखी झाली होती, तेव्हाही ताई हलकी होती, आणि तेव्हाही एक प्रयत्न शिल्लक होता. तिचे गुरू म्हणाले होते, "बस आता, कप आपला आहे," आणि ती बसली होती. आणि नुसती बसली असती तर एक वेळ ठीक. ही गोष्ट तिने घरी, लाँड्रीत, व्यायामशाळेत, पाहुण्यांत, तिखटमीठ लावून शंभर वेळा सांगितली होती. आदल्या दिवशी लाँड्रीच्या वाळवणखोलीत बसून घाम कसा काढला, सकाळी घोटभर पाणीही कसं घेतलं नाही, वजनाच्या वेळी काटा कसा थरथरला. लोक हसायचे, तीही हसायची. समोर पाय हलवत बसलेली चिमुरडी मुंगी मात्र हसत नव्हती. ती शिकत होती.

अबोला चार-सहा दिवस टिकला. तो सुटला लाँड्रीत.

वाळवणखोली म्हणजे लाँड्रीच्या मागची बसकी खोली. भिंतीभर गरम पाइप, वर दोऱ्यांवर जाड ब्लँकेटं. आत पाऊल टाकलं की चष्म्यावर धुकं येतं. ताई ब्लँकेटं मोजायला आत गेली आणि मागच्या कोपऱ्यात बाकावर तिला एक रेनकोट बसलेला दिसला. रेनकोटाच्या टोपीत मुंगीचा लालबुंद चेहरा. शेजारी प्लॅस्टिकची बाटली, तळाशी थुंकी. तोंडातल्या पाण्यानेही काटा हलतो, म्हणून थुंकून काढायचं, हे तंत्रसुद्धा आईच्याच गोष्टीतलं.

"उठ," ताई म्हणाली.

"थोडंच राहिलंय. उद्या निवड चाचणीचं वजन आहे."

"जेवलीस कधी?"

मुंगीने छताकडे बघितलं. उत्तर आठवायला छताकडे बघावं लागतंय म्हणजे जेवण लांबचं असणार.

"तू गटात बसतेस ना? आरामात बसतेस. मग हे कशाला?"

"ती मोटार-गॅरेजवाल्याची मुलगी आलीय यंदा आमच्या गटात. बेरीज सारखी झाली तर मी तिच्याहून हलकी हवी." मुंगीचे ओठ सुकून पांढरे पडले होते, पण आवाजात ऐट होती. "तू केलंस ना असंच? तुझ्या वेळी चाललं, आणि आता मी केलं की लगेच डोळे मोठे."

ताईने बाटली उचलून मोरीत ओतली, मुंगीला दंडाला धरून बाहेर आणलं आणि पंख्याखाली बसवून अर्धा तांब्या पाणी पाजलं. मुंगी रागारागाने प्यायली. उद्याच्या काट्यावर ते पाणी दिसणार होतं, म्हणून डोळ्यांतही पाणी आलं. ताईला पोरीची दया आली, स्वतःचा राग आला, आणि या सगळ्याच्या तळाशी एक भीती होती. पोरगी जिंकत जाईल. पेटीभर कप आणील. आणि आपल्यात किती ताकद होती हे तिला जन्मात कळणार नाही.

त्याच आठवड्यात तिने संघटनेला ठराव पाठवला. बरोबरीचा नियम बदला.

संघटनेची वार्षिक सभा गॅरेजातच भरायची. चौथऱ्यांवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडायच्या, बार भिंतीला टेकवून ठेवायचे, आणि वजनाच्या लोखंडी प्लेट्सच्या थप्पीवर चहाची किटली. अध्यक्षांचं रंगाचं दुकान होतं. त्यांना वजन उचलण्यातलं फारसं कळत नसे, पण ते सगळ्यांचं ऐकून घेत, आणि संघटनेत एवढा गुण पुरतो. पहिला तासभर मागच्या सभेचा वृत्तान्त, शटरचं गंजणं आणि बाथरूमची चावी कोणाकडे राहते यात गेला. बाथरूमच्या चावीवर दोन जण जवळजवळ हातघाईवर आले. मग ताईचा ठराव वाचला गेला आणि सभा एकदम जागी झाली.

जागी होण्याचं कारण ठराव नव्हतं. समोरच्या रांगेत पंचबाई बसल्या होत्या, हे होतं.

पंचबाई म्हणजे राज्याच्या मुख्य पंच. केस चापून बसवलेले, पाठ ताठ, बुटांना पॉलिश. कोपर केसभर वाकलं तरी त्यांचा उचल बाद करणारा लाल दिवा लागणार म्हणजे लागणारच. सख्ख्या भाच्याला त्यांनी तिन्ही प्रयत्नांना लाल दिवे दिले होते आणि बहिणीने वर्षभर त्यांना घरी बोलावलं नव्हतं. आणि बावीस वर्षांपूर्वी, त्या अजिंक्यपदाला, ताईइतकीच बेरीज करून जी दुसरी आली होती ती हीच बाई. ज्या नियमाने ताई जिंकली त्याच नियमाने या हरल्या. नवा नियम तेव्हा असता तर निकाल उलटा लागला असता, कारण बेरीज आधी गाठली होती ती पंचबाईंनी. हे सभेत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे आता गंमत अशी झाली की जिंकलेली म्हणत होती नियम काढा, आणि हरलेली उठून उभी राहिली ती नियम ठेवा म्हणायला.

"हलक्या बाईने जड बाईइतकं वजन उचललं," पंचबाई म्हणाल्या, "तर दोघींत ताकदवान कोण? हलकी. यात न कळण्यासारखं काय आहे? आणि तुमचा नवा नियम काय म्हणतो? आधी उचललं ती पहिली. का? तर आधी उचललं म्हणून. हा खेळ आहे की तिकिटाची खिडकी?"

लोक हसले. पंचबाई हसल्या नाहीत.

डॉक्टर म्हणून एक सभासद होते, ते उठून शरीरातलं पाणी कमी झालं की हृदयावर काय ताण येतो ते सांगू लागले. मुद्दा सोळा आणे खरा होता, पण डॉक्टरांच्या आवाजात अशी काही जादू होती की मागच्या रांगेतल्या दोघांच्या माना लगेच कलल्या. शाळेत खेळ शिकवणारे सेक्रेटरी म्हणाले, जगाने बदललं तर आपण काय घोडं मारलंय? त्यावर कोणीतरी म्हणालं, जग उद्या विहिरीत उडी मारेल. मग विहिरीवर चर्चा घसरली. अध्यक्षांनी टेबलावर चावी आपटून ती मोठ्या मुश्किलीने वर काढली.

"आमचा एक साधा प्रश्न आहे," मागून एक जाडजूड सभासद म्हणाला. गावभर घरं बदलून देण्याचा त्याचा धंदा होता आणि कपाटं उचलून त्याचा आवाजही तसाच झाला होता. "नियम वाईट असेल तर ताईंचा कपही वाईट मार्गाचा झाला. मग तो परत करणार का?"

ताई उठली. तिने पदर खोचावा तसे शर्टाचे हात वर सारले.

"कप माझा आहे," ती म्हणाली. "तेव्हा जो नियम होता त्याने खेळले आणि त्याने जिंकले. तो मागायला जो कोणी येईल त्याने हात घरी ठेवून यावं. मला त्या कपाची लाज नाही. उद्या मेले तर माझ्या फोटोशेजारी तोच ठेवा."

आता मात्र पंचबाईंच्या ओठांचा कोपरा जरा हलला.

"पण एक सांगते. त्या दिवशी माझा एक प्रयत्न शिल्लक होता. बार तयार होता. अंगात ताकद होती. गुरुजी म्हणाले बस, आणि मी बसले. कारण नियम म्हणत होता की झालं, आता गरज नाही. मला अजून ठाऊक नाही की ते वजन माझ्याने उचललं असतं का. लोकांना आठवण राहते ती हरलेल्या सामन्यांची. माझ्या मनात घर करून बसलंय ते न उचललेलं वजन. आता माझी पोरगीही तशीच बसायला शिकलीय. आणि ते तिला मीच शिकवलं. पंचबाई म्हणतात आधी उचलणाऱ्याला पहिला नंबर म्हणजे तिकिटाची खिडकी. असेल. पण मागून येणाऱ्याला मग बसता येत नाही ना. त्याला एक किलो जास्त उचलावाच लागतो. तेवढ्यासाठी मला तो नियम हवाय."

ती बसली. मागच्या भिंतीला टेकून मुंगी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते ताईने बघायचं टाळलं.

मतदान झालं. ठरावाच्या बाजूने नऊ हात. विरुद्ध नऊ हात.

बरोबरीच्या नियमावर बरोबरी. सभेला हसू आवरेना. घरं बदलणारा म्हणाला, काटा आणा, दोन्ही बाजूंचं वजन करू, हलकी बाजू जिंकली. सेक्रेटरी म्हणाले, नाही, आमचे हात आधी वर गेले होते. अध्यक्षांना निर्णायक मत होतं, पण दोन्ही बाजूंना त्यांची गिऱ्हाइकं बसली होती. घामाघूम होऊन ते म्हणाले, "मी म्हणतो, एक समिती..."

"थांबा," पंचबाई म्हणाल्या. "मी मत दिलेलं नाही."

आणि खरंच, त्यांचा हात दोन्ही वेळा खाली होता. त्यांचा शिरस्ताच तो होता. पंचाने नियम पाळायचे, करायचे नाहीत, असं त्या म्हणत, आणि इतक्या वर्षांत कुठल्याही ठरावावर त्यांनी हात वर केला नव्हता.

"मी जे बोलले त्यातला एक शब्द मागे घेत नाही," त्या म्हणाल्या. "मी हरले ते मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. पण माझे प्रयत्न संपल्यावर मी पडद्यामागे गेले नाही. चौथऱ्याच्या कडेला उभी राहून हिच्या तिसऱ्या प्रयत्नाची वाट बघत होते. आम्ही दोघी वर्षभर एकमेकींच्या जिवावर उठलो होतो. ही किती उचलू शकते ते मला बघायचं होतं. आणि ही टॉवेल टाकून बसली. हरले ते चाललं. बघायला मिळालं नाही ते मात्र मला चाललं नाही."

त्यांनी ठरावाच्या बाजूने हात वर केला. कोपर सरळ, अगदी नियमात बसेल असं.

घरी जाताना दिव्याच्या खांबापाशी मुंगी थांबली. "म्हणजे आता मी उपाशी राहून काही उपयोग नाही."

"नाही."

"म्हणजे ती गॅरेजवाली माझ्या आधी उचलणार, आणि मला तिच्यापेक्षा जास्तच उचलायला लागणार."

"हो."

"आई, तू कोणाच्या बाजूची आहेस गं?"

ताई पुढे चालायला लागली. घरी गेल्यावर मुंगी दोनदा वाढून घेऊन जेवली, रागाने का होईना, आणि बाबांनी तिच्याकडे आणि बायकोकडे आळीपाळीने बघून पुन्हा काही न विचारण्याचा शहाणपणा केला.

पुढचे महिने मुंगी जेवली, झोपली आणि उचलत राहिली. वाळवणखोलीत आता फक्त ब्लँकेटं वाळत होती. मुंगीचे खांदे भरले, मांड्या भरल्या, गालांवर रंग आला. आईशी ती कामापुरतंच बोलायची, पण बारापुढे उभी राहिली की ताई म्हणेल ते ऐकायची. घरचा राग बारापर्यंत न्यायचा नसतो, एवढं व्यायामशाळेतल्या प्रत्येकाला न सांगता कळायचं.

राज्य स्पर्धा आली आणि बरोबरीही आली. येणारच होती, दोघी पोरी तोडीस तोड होत्या. गॅरेजवाल्याची मुलगी उंच, लांब हातांची. स्नॅचमध्ये तिने बहात्तर उचलून मुंगीला तीन किलोंनी मागे टाकलं. दुसऱ्या प्रकारात तिने अठ्ठ्याऐंशी उचलले, मग नव्वदला दोनदा तिचा बार पाठीमागे गेला आणि तिचे प्रयत्न संपले. तिची बेरीज एकशे साठ. मुंगीने दुसऱ्या प्रयत्नात एक्याण्णव डोक्यावर नेले आणि तिचीही बेरीज एकशे साठ झाली.

सभागृहात टाळ्या पडल्या आणि मग कुजबुज सुरू झाली. सगळ्यांच्या मनात एकच हिशेब चालू होता. सकाळच्या काट्यावर, पोटभर जेवूनसुद्धा, मुंगी दुसरीपेक्षा हलकीच भरली होती. मागच्या वर्षीचा नियम असता तर ती या क्षणी अजिंक्य होती. फोटो निघायला लागले असते.

ताई पडद्यामागे टेबलापाशी उभी होती. आपल्या हातांनी आपण पोरीचं सोनं काढून दुसऱ्या पोरीच्या गळ्यात घातलं, असं तिला क्षणभर वाटलं, आणि त्या क्षणी तिला स्वतःचा, सभेचा, डॉक्टरांचा, सगळ्यांचाच राग आला. मुंगी घामाने निथळत आत आली. खुर्ची तिथे होती. टॉवेल खुर्चीवर होता.

मुंगीने आजपर्यंत एक्याण्णवच्या वर काही उचललं नव्हतं. सरावातसुद्धा नाही. ताईने तोंड उघडलं, पण ती काही बोलायच्या आत मुंगी टेबलावरच्या माणसाला म्हणाली, "ब्याण्णव लावा."

लागोपाठ स्वतःच्याच मागे उचलायचं असलं की दोन मिनिटं मिळतात. मुंगी बसली नाही. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, हातांना पांढरी पूड चोळत. ताईने तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ तापलेली होती आणि आत श्वास चालू होता. सांगण्यासारख्या हजार गोष्टी ताईच्या तोंडावर आल्या, कोपरं, टाचा, नजर; त्यातली एकही तिने सांगितली नाही.

मुंगी चौथऱ्यावर गेली. समोर मधल्या खुर्चीत पंचबाई बसल्या होत्या, हात मांडीवर, नजर बारावर.

ब्याण्णव किलो जमिनीवरून सुटले तेव्हा बार वाकला. मुंगी त्याच्याखाली गेली, पार खाली बसली, आणि तिथे अडकली. सभागृहाने श्वास धरला. मग ती उठायला लागली. बोटबोट उठत होती. चेहरा वेडावाकडा झाला, पाय थरथरले, आणि ती उभी राहिली, ब्याण्णव किलो खांद्यावर घेऊन. पूर्ण उभी. तिने दम घेतला. गुडघे वाकवले आणि बार वर फेकला, एक पाय पुढे, एक मागे, आणि बार डोक्यावर होता. कोपरं सरळ. पुढचा पाय तिने मागे घेतला. आता मागचा पाय पुढे आणायचा, आणि झालं.

मागचा पाय उचलताना बार किंचित मागे सरकला. मुंगीने त्याला धरून ठेवायचा प्रयत्न केला. तिने खरंच खूप धरलं. मग तो तिच्या पाठीमागे पडला आणि चौथरा हादरला. तीन लाल दिवे.

ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि ते तिने पुसलंही नाही. पोरगी हरली होती आणि ताईची छाती अभिमानाने अशी भरली होती की तिला श्वास घेता येईना. स्वतः कप घेतला तेव्हाही तिला असं वाटलं नव्हतं.

मुंगीने चौथऱ्यावरून आधी पंचांना मान लवून नमस्कार केला, मग समोरच्या मुलीला मिठी मारली. पंचबाई जागेवरून उठल्या नाहीत, नियमाने उठायचं नसतं. पण मुंगी उतरून जाईपर्यंत त्यांची नजर तिच्यावरून हलली नाही.

बक्षिसं झाली. मुंगी दुसऱ्या पायरीवर उभी राहिली. एका वार्ताहराने तिला गाठून नेमका तोच प्रश्न विचारला. "जुना नियम असता तर आज तुम्ही पहिल्या होतात. वाईट वाटतंय?"

"वाटतंय ना," मुंगी म्हणाली. "रात्री रडणार आहे मी. पण जुना नियम असता तर ब्याण्णवच्या बाराखाली मी कधी गेलेच नसते." आणि पदक मुठीत धरून ती पडद्यामागे आली.

पडद्यामागे पंचबाई आल्या होत्या. दोघी बायका एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. बावीस वर्षांत दोघी एकमेकींशी कामाव्यतिरिक्त बोलल्या नव्हत्या.

"माझ्या नियमाने तुझी मुलगी जिंकली असती," पंचबाई म्हणाल्या.

"माहितीये."

"बरं झालं बदलला." त्या जायला वळल्या, मग थांबल्या. "बघायला मिळालं," एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढच्या गटासाठी निघून गेल्या.

मुंगी बाकावर बसून मनगटांवरच्या पट्ट्या सोडत होती. ताई तिच्या शेजारी बसली. बाहेर पुढच्या गटाची नावं पुकारली जात होती आणि लोखंड आदळत होतं.

"कसं असतं गं ते?" ताईने विचारलं. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

"काय?"

"ते वजन. जे जमेल की नाही माहीत नसतं, ते."

मुंगीने आईकडे बघितलं. कितीतरी महिन्यांनी तिने तिच्याकडे असं नीट बघितलं होतं. हा प्रश्न आई का विचारतेय, ते तिला आत्ता कळलं. तिने हातातली पट्टी गुंडाळली, बाजूला ठेवली, आणि विचार करून सांगायला लागली.

"खाली बसले ना, तेव्हा वाटलं की संपलं. अंगात काही उरलंच नाहीये असं वाटतं. आणि मग कुठूनतरी येतं. आपलंच असतं ते, पण आपल्याला माहीत नसतं. उभी राहिले तेव्हा मला हसू येत होतं, आई. आणि वर गेलं, तेव्हा जड लागलंच नाही. एक क्षण. अजिबात जड लागलं नाही."

ताई मान खाली घालून ऐकत होती. तिचे हात मांडीवर उघडे होते, तळव्यांवर जुने घट्टे.

"पुन्हा सांग," ती म्हणाली.